गाडगेबाबा आणि घरची पंगत

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या मंडळात एक विषय हटकून निघतो. कुणाच्या तरी घरी मुलीचे लग्न ठरलेले असते, कार्यालयवाल्याने एका ताटामागे सांगितलेला भाव ऐकून आईच्या तोंडचे पाणी पळालेले असते, आणि मग हळूच विचारणा होते की, स्वयंपाक घरीच केला तर? दीड-दोनशे माणूस आपण बायका-बायका मिळून उरकू का? मंडळातल्या जाणत्या भगिनी लगेच बोटांवर हिशेब करून दाखवतात आणि ते जमण्यासारखे आहे हे ठरतेही. एवढ्यात कुणीतरी म्हणते, पण व्याही काय म्हणतील? तिथे सगळ्या गप्प होतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी कार्यालयवाल्याकडे उचल भरली जाते.

व्याही काय म्हणतील, भाऊबंद काय म्हणतील, या धाकापायी महाराष्ट्रातली किती घरे बुडाली हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्याविरुद्ध पन्नास वर्षे गावोगाव घसा कोरडा केला, त्या गाडगेबाबांची हकीकत म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत द्यावी असे वाटले. बाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी घातलेल्या आणि मोडलेल्या पंगतींकडे मात्र आपले लक्ष थोडे कमीच जाते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव या गावी परिटाच्या घरात झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. मुलाचे नाव डेबू. घर खाऊन-पिऊन सुखी होते, पण झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्या काळी जातीच्या जेवणावळी, देवाच्या कंदुऱ्या, बारशी, लग्ने यांत बोकड आणि दारू नसेल तर कार्य झाले असे कुणी मानीतच नसे. यजमानाने पाजायची आणि पाहुण्याने प्यायची, यात दोघांचाही मान. मान राखता राखता झिंगराजींची शेतीवाडी गेली, प्रकृती गेली, आणि १८८४ साली ते स्वतःही गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. नवरा गेलेली बाई भावाच्या घरी राहायला येते तेव्हा तिचा दिवस इतरांच्या आधी उगवतो आणि सगळ्यांच्या नंतर मावळतो, हे भगिनींना सांगायला नको. डेबूही मामाची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. अंगमेहनतीत त्याचा हात धरणारा गावात नव्हता. भजनाचा नाद लागला तोही तिथेच.

त्याच दापुऱ्यात सावकारी कर्जाची ओळख झाली. मामा चंद्रभान कष्टाळू पण निरक्षर. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसताना त्यांनी अंगठे दिले, आणि राबून पिकवलेली जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. आधी बाप गेला तो लोकांच्या मेजवान्यांपायी, नंतर मामा गेला तो कागदापायी. पुढच्या आयुष्यात बाबा शाळा आणि कर्ज या दोन गोष्टींवर इतके पोटतिडकीने का बोलत, याचे कारण या घरात आहे.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. संसार झाला, मुलगी झाली. आणि मग आले बारसे.

हा प्रसंग वाचताना आपण स्वतःला कुंताबाईंच्या जागी ठेवून पाहावे. बाळंतीण अंगाने अजून भरलेली नाही, घरात सासू, दारात जातगोत जमणार, आणि जमणारे सगळे बोकडाच्या रश्श्याची नि दारूच्या बाटलीची वाट पाहत येणार. वर्षानुवर्षे डेबूजींच्या घरच्यांनी इतरांकडे जेवणे केलेली, म्हणजे फेड ही झालीच पाहिजे. अशा वेळी डेबूजींनी ठरवले की दारू नाही, मटण नाही. साधे गोडाचे जेवण द्यायचे. त्यांनी ते दिलेही. भाऊबंद रागावले, कुरकुरले. जातीची रीत मोडली हा त्या काळी लहान आरोप नव्हता. वाळीत पडलेल्या घरातल्या पोरीला पुढे स्थळ कुठून येणार, हा विचार त्या बाळंतिणीच्या मनात आला नसेल असे कोण म्हणेल? पण जेवण पार पडले. डेबूजींनी कुणाकडे मान खाली घातली नाही आणि त्या बारशासाठी कुणाचा कागदही केला नाही.

पैशाच्या बाजूनेही या प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दारू आणि मटण यांच्या जेवणाला अंदाज बसत नाही. पिणाऱ्याला किती पुरे हे तो पिऊन झाल्यावरच कळते, आणि खाणाऱ्याच्या वाटणीला नळी आली की नुसता रस्सा, यावरून उभ्या पंगतीत भांडणे होतात. गोडाचे जेवण यजमानाच्या हातात राहते. वऱ्हाडात गोड म्हटले की बुंदी. लाडू आदल्या दोन दिवसांत वळून ठेवता येतात, डब्यात मोजून भरता येतात, पानावर मोजून वाढता येतात, आणि उरले तर चार दिवस टिकतात. एक किलो बेसनाला सव्वा ते दीड किलो साखर घेतली तर मध्यम आकाराचे ५० ते ६० लाडू होतात. म्हणजे १०० पानांना दोन-दोन लाडू धरले तर चार किलो बेसन पुरते. इतका स्पष्ट हिशेब ज्या पदार्थाचा लागतो, तो गरिबाच्या कार्याला धार्जिणा.

त्या दिवसापासून डेबूजींचे मन घरात रमेना. रिणमोचन येथे पूर्णा नदीच्या काठी पौषातल्या रविवारी जत्रा भरते. काठावरच्या चिखलात यात्रेकरू, विशेषतः बायका आणि म्हातारी माणसे, घसरून पडत. डेबूजी तिथे जाऊन काठ झाडीत, पायऱ्यांसारखे दगड बसवीत. अखेर १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

घर सोडले हे दोन शब्द चरित्रकार झटकन लिहून पुढे जातात. मागे म्हातारी आई होती, तरुण बायको होती, कच्चीबच्ची मुले होती. ज्या माणसाने पुढे लाखो उपाशी लोकांच्या तोंडी घास घातला, त्याच्या स्वतःच्या चुलीवर त्या रात्री काय शिजले, ते शिजवण्यापुरते घरात होते का, हे विचारण्याचा आपणा बायकांना हक्क आहे. बाबांचा मोठेपणा यामुळे उणा होत नाही. पण त्या मोठेपणाची किंमत कुंताबाईंनीही मोजली, एवढे तरी मंडळाच्या स्मरणिकेत नोंदलेले असावे. पुढे बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या तेव्हाही त्यांच्या कारभारात आपल्या नात्यागोत्याच्या माणसांना जागा ठेवली नाही. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद वारला. ती बातमी आली तेव्हा बाबांचे कीर्तन चालू होते. ते त्यांनी थांबवले नाही. माउलीने तो घाव कसा सोसला, ते मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

अंगावर चिंध्या शिवून केलेले पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे, असा त्यांचा वेष झाला. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. डोक्यावरची टोपी तीच आणि जेवणाचे ताटही तेच. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कुणाचे लाकूड फोडायचे, कुणाच्या शेतात राबायचे, आणि त्या कामाच्या बदल्यात मिळेल ती चटणी-भाकर खायची. कुणी पाया पडू लागला तर त्याला खराट्याचा धाक. रात्री कीर्तन.

ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. बाबा वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका तोंडाने उत्तर देई. देव कुठे राहतो, बोकड कापून नवस फिटतो का, कर्ज काढून सण करावा का. हसवता हसवता ते माणसाला अशा जागी नेऊन उभे करीत की त्याला आपलेच घर आठवे. लग्न हा त्यांच्या कीर्तनातला नेहमीचा विषय. शेत गहाण टाकून चार दिवस वाजंत्री वाजवायची, गावाला जेवू घालायचे, आणि पाचव्या दिवशी नव्या नवरीला घेऊन सावकाराच्याच शेतावर मजुरीला जायचे, हा सारा देखावा ते श्रोत्यांपुढे उभा करीत. लोक हसत, मग हळूहळू हसायचे थांबत, कारण त्या मांडवात बसलेल्यांपैकी निम्म्यांचे कागद कुठे ना कुठे अडकलेले असत.

त्यांचा उपदेश अगदी घरगुती होता. पैसा नसेल तर जेवायचे ताट मोडावे आणि भाकर हातावर घेऊन खावी, बायकोला हलक्या भावाचे लुगडे घ्यावे, व्याह्याचा पाहुणचार कमी करावा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नये, असे ते सांगत. यातल्या लुगड्याच्या वाक्यावर भगिनींच्या भुवया थोड्या उंचावतील, आणि उंचावाव्यातच. काटकसरीची कात्री घरात पहिल्यांदा कुणाच्या पदराला लागते ते आपण जाणतो. तरी एक पाहावे. त्याच दमात बाबांनी व्याह्याचे नाव घेतले आहे. बायकोचे लुगडे कमी करायला कुणाही पुरुषाला धैर्य लागत नाही. व्याह्याच्या पानावरचा एक पदार्थ कमी करायला लागते. आपल्या समाजात सगळ्यांत अवघड काटकसर कोणती हे त्या न शिकलेल्या माणसाने नेमके हेरले होते.

आता हा उपदेश मांडवात उतरवायचा म्हणजे काय करायचे? हात आखडता घेणे आणि पाहुण्याला उपाशी उठवणे यांत फरक आहे. बाबांनी स्वतः घातलेल्या पंगतींत कुणी अर्धपोटी उठत नसे. रिणमोचनच्या जत्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांच्यासाठी ते अन्नदान करीत. पदार्थ मोजके, पण पोटभर. आपल्याकडच्या कार्यात नेमके उलट होते. वीस पदार्थ मांडायचे, प्रत्येकाचा चमचाभर पाहुण्याच्या बशीत पडायचा, आणि निम्मे अन्न बशीसकट टोपलीत जायचे.

वऱ्हाडातली जुनी लग्नाची पंगत घ्या. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, कढी आणि बुंदी, एवढ्यावर ती उभी होती आणि जेवून उठलेला माणूस तृप्त होत असे. आपल्या मंडळातल्या हाताच्या अंदाजाने १०० पानांना ८ किलो तांदूळ, ४ किलो तूरडाळ, १० किलो कणीक आणि १२ किलो वांगी पुरतात. मुले जास्त असतील तर त्याहूनही कमी. पोळ्यांचे काम सर्वांत जिकिरीचे, म्हणून त्या दहा घरांत वाटून द्याव्यात: प्रत्येक घरी एक किलो कणीक पोचवावी आणि कार्याच्या सकाळी पोळ्या फडक्यात गुंडाळून आणवाव्यात. डाळ आणि भात मात्र एकाच जागी, एकाच हाताखाली शिजावा. दहा घरचे वरण एकत्र केले की त्याला धड कुणाचीच चव राहत नाही. वांगी ऐनवेळी चिरावीत, नाहीतर काळी पडतात. मोठी पातेली, झारे, पराती भाड्याने आणताना त्या आदल्या रात्रीच घासून घ्याव्यात. हल्ली सगळीकडे उभ्याने जेवायची पद्धत पडली आहे, आणि जागा अपुरी असेल तर ती सोयीचीही आहे, पण वाढणारी दोन माणसे मेजामागे उभी करावीतच. पाहुण्याने स्वतः घेतलेला भात आणि कुणी प्रेमाने विचारून वाढलेला भात यांत शंभर पानांमागे किलो-दोन किलोंचा फरक सहज पडतो, शिवाय आग्रहही होतो. आणि पानांचा आकडा ठरवायचा तो यजमानीणबाईंनी, एकदाच, पत्रिका छापण्याच्या आधी. नंतर वाढत जाणारा आकडा घरच्या स्वयंपाकाला खाली ओढतो.

हे सारे गाडगेबाबांनी सांगितलेले नाही, हे आमचे. त्यांनी जे सांगितले ते याच्या आधीचे आहे: चूल पेटवण्यापूर्वी लाज कशाची वाटायला हवी ते ठरवा. पोळी साधी झाली याची, की पोळीसाठी शेत गेले याची?

बाबांचे काम मग फार मोठे झाले, ते येथे थोडक्यातच सांगते. रिणमोचनला घाट बांधला. पंढरपूरला, ज्यांना कुणी ओसरीवर उभे करीत नसे त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या, सदावर्ते झाली. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून रोगी घेऊन आलेली बाई मुंबईत फूटपाथवर चूल मांडून बसते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या धर्मशाळेचे मोल सांगावे लागणार नाही. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले आणि त्यांतली एक दमडी त्यांच्या गाडग्यात पडली नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व कामांसाठी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झाले.

त्यांच्या शिकवणुकीची दहा कामे म्हणून जी सांगितली जातात, त्यांत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत ही आहेत, आणि त्याच रांगेत गरीब तरुण-तरुणींचे लग्न लावून देणे हेही आहे. लग्नाच्या खर्चावर ज्यांनी इतके कोरडे ओढले, त्यांनीच गरिबाचे लग्न पुण्यकर्मांत मोजावे, यात काहींना विसंगती वाटते. आम्हांला ती वाटत नाही. आई-बाप राबून थकले आहेत, पोरगी उपवर आहे, आणि केवळ जेवणावळीच्या भीतीने मुहूर्त पुढे ढकलला जात आहे, अशी घरे त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. लग्न व्हावे, हौसेने व्हावे, चार माणसे जेवावीत, हे त्यांना हवेच होते. दुसऱ्या दिवशी त्या घरात कागद नसावा, एवढेच त्यांचे मागणे होते. आपल्या आळीत एखाद्या घरी असे कार्य निघाले तर दहा घरांनी एकेक किलो कणीक लाटून देणे हे त्या दहापैकी एक काम आपल्या अंगावर घेणेच आहे. मंडळाची मोठी पातेली आणि परातीही त्यासाठीच कपाटात आहेत. चिटणीसबाईंकडे आठ दिवस आधी सांगितले म्हणजे पुरे.

१९५६ च्या ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. ती बातमी बाबांना आजारपणात कळली आणि तिने ते फार खचले असे सांगतात. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांचे अंत्यसंस्कार झाले, आणि त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.